मंडईच्या दिवशी बंद दार

शकुंतलाबाईंच्या घराचं पुढचं दार मंडईच्या दिवशी कधी बंद राहिलं नव्हतं. लग्न होऊन त्या गावात आल्या तेव्हापासून दिवाळीनंतरची मंडई, गावची वर्षाची जत्रा, म्हणजे दार सताड उघडं, अंगणातल्या चुलीवर भाजीचा मोठा गंज आणि न बोलावता आलेले पाहुणे. मंडईचं आमंत्रण कोणी कोणाला देत नाही. नणंद येते, व्याही येतात, व्याह्यांच्या ओळखीचे येतात. जो येईल तो जेवतो, दुपारी बाजारातून शिंगाडे आणि ऊस घेतो, रात्री नाटक बघतो. अशा दिवशी घराचं दार लावायचं तर घरात काहीतरी वाईट घडलेलं असावं लागतं.

या वर्षी दार लावायचं होतं, आणि तेही अकरा ते एक, ऐन पाहुण्यांच्या वेळेला.

कारण रीताची परीक्षा. रीता त्यांची सून. कुडव्याच्या वाटेवर एक राईस मिल आहे, तिथे ती फाटकावर बसून आलेल्या-गेलेल्या पोत्यांची नोंद करते. मिलचं गोदाम सांभाळणारे बाबूजी आता थकले होते. शेठनं रीताला सांगून ठेवलं होतं, "सर्टिफिकेट लाओ, कुर्सी तुम्हारी. दिसंबर तक रुकूंगा." म्हणून तिनं गोदाम सांभाळण्याचा ऑनलाइन कोर्स घेतला. नोकरी करणाऱ्यांसाठीचा कोर्स, वेळ मिळेल तेव्हा मोबाइलवर शिकायचं. वर्षभर ती भाकरी थापताना एका कानात मोबाइल ऐकायचं बोंडूक घालून असायची. धानात ओल किती असली तर पोती एकावर एक रचून थप्पी लावायची नाही, पोत्यांखाली हवा कशी खेळती ठेवायची, कीड कशी ओळखायची. कान मोकळा ठेवायचा असला की ती मोबाइल चुलीशेजारी उभा करून ठेवी. त्यामुळे शकुंतलाबाईंनाही निम्मं पाठ झालं होतं. त्या विचारायच्या, "तुया मास्तर आज का म्हणते?"

सगळं सोयीचं होतं. फक्त परीक्षा सोयीची नव्हती. परीक्षेत मोबाइलचा कॅमेरा सुरू ठेवायचा, खोलीत एकटीनं बसायचं, दुसरं माणूस दिसायला नको, दुसरा आवाज यायला नको. तीन वेळा चूक झाली की परीक्षा रद्द. मग सहा महिने थांबा. तोवर शेठ थांबणार नव्हता.

रीतानं मिलच्या सुटीचा रविवार धरून तारीख घेतली होती. गावची मंडई दरवर्षी मंगळवारी असते. पण या वर्षी नाटकवाल्या कंपनीला मंगळवार मोकळा नव्हता, आणि मंडळानं मंडई उचलून रविवारी ठेवली. गावात ते कळलं तोवर परीक्षेची तारीख बदलायची मुदत संपली होती.

"दुसऱ्याच्या घरी बसू का, माय?" रीतानं विचारलं होतं.

"मंडईच्या दिवशी कोणाचं घर खाली असते वं?"

नेटवर्क म्हणाल तर ते पुढच्या खोलीच्या खिडकीशीच यायचं. मागच्या खोलीत धान भरलेलं. म्हणजे पुढचीच खोली. त्याच खोलीत बसून रीतानं आधीच्या आठवड्यात सरावाची परीक्षा दिली, तर पाच मिनिटांत मोबाइलवर लाल पट्टी आली. खोलीत दुसरी व्यक्ती दिसते आहे. रीतानं खाटेखाली बघितलं, दारामागे बघितलं. कोणी नव्हतं. मग तिची नजर भिंतीवर गेली. तिथे सासऱ्यांचा, हिरालालजींचा, हार घातलेला फोटो होता.

शकुंतलाबाईंना हसू आवरेना. "जिते होते तवा मले कधी शिकाले नाई म्हटलं नाई. आता सुनेच्या आडवे येऊन राहिले."

ते खरं होतं. फार वर्षांपूर्वी गावात चावडीवर मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग भरायचा. सरकारनं एक गॅसबत्ती दिली होती. हिरालालजी स्वतः बायकोला चावडीपर्यंत सोडून यायचे आणि बाहेर बिडी ओढत बसायचे. लोक हसायचे. शकुंतलाबाई तिथे पाटीवर आपलं नाव लिहायला शिकल्या, नवऱ्याचं शिकल्या. आडनावाची पाळी आली तेव्हा मंडई जवळ आली, आणि दंडारीच्या, म्हणजे रात्रीच्या नाच-सोंगांच्या तालमीसाठी पोरांनी ती गॅसबत्ती उचलून नेली. मंडई झाली, बत्तीची काच फुटली, वर्ग पुन्हा भरला नाही. आजही बँकेत त्या सहीला दोनच नावं लिहितात. बँकेचा साहेब आडनाव विचारतो तेव्हा त्या म्हणतात, तेवढं राहून गेलं.

रीतानं एकच अट घातली होती. "माय, कोणाले सांगू नोको. नापास झालो तं मिलमध्ये हसतीन, इथंही हसतीन."

"नाई सांगत."

रविवारी पहाटे दोघींनी मिळून वडे तळले, भाजी शिजवली. दुर्गेश, रीताचा नवरा, तिरोड्याच्या वीज कारखान्यात कंत्राटावर. त्याची पहिली पाळी होती, तो चारच्या आधी येणार नव्हता. साडेदहाला शकुंतलाबाईंनी भिंतीवरचा फोटो उतरवला. मागच्या खोलीत पोत्यांवर ठेवायला त्यांचं मन होईना. नणंद सुशिलाबाई दरवर्षी आली की आधी भावाच्या फोटोला हात जोडते, मग पाणी पिते. म्हणून त्यांनी अंगणात प्लास्टिकची खुर्ची मांडली, तिच्यावर फोटो ठेवला, झेंडूचा ताजा हार घातला आणि पुढे उदबत्ती लावली. रीता केव्हाची आत मोबाइल लावत बसली होती, फोटो कुठे ठेवला ते तिनं पाहिलं नाही. दाराला आतून कडी लागली. शकुंतलाबाई खुर्चीशेजारी पोतं अंथरून बसल्या.

आपण काय मांडून ठेवलं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. रस्त्यावरून बघणाऱ्याला बंद दार दिसत होतं, अंगणातल्या खुर्चीवर हार घातलेला फोटो दिसत होता, उदबत्ती दिसत होती आणि फोटोशेजारी जमिनीवर बसलेली म्हातारी दिसत होती.

सव्वाअकराला सडक अर्जुनीहून सुशिलाबाई आल्या. फाटकातूनच त्यांनी हे सगळं पाहिलं, हातातली पिशवी टाकली आणि रस्त्यावरच गळा काढला.

"अवं वयनी वं, कोण गेलं वं? मले कोणी फोन काऊन नाई केला वं?"

सुशिलाबाईंचा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाणारा. शकुंतलाबाई गुडघे विसरून धावल्या आणि त्यांनी नणंदेच्या तोंडावर हात दाबला.

"चूप राह्य. कोणी नाई गेलं. फोटो तुया भावाचाच हाये."

सुशिलाबाईंनी हात बाजूला केला. "मंग दार काऊन बंद हाये?"

"सून झोपली हाये."

"मंडईच्या दिवशी? सून झोपली आन् तू पाहुण्याले वाढून राहिली?" सुशिलाबाईंचा आवाज पुन्हा चढायला लागला. "उठव तिले. मी उठवतो." आणि त्या दाराकडे निघाल्या.

शकुंतलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. दिलेला शब्द आणि ते दार, दोन्ही राखणं आता जमणार नव्हतं. त्यांनी नणंदेला चुलीमागे नेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. परीक्षा, कॅमेरा, मिलची खुर्ची.

"माया आवाज आत गेला असन?" सुशिलाबाईंनी कुजबुजत विचारलं. आयुष्यात त्या पहिल्यांदाच कुजबुजत होत्या.

"गेला असन. तीन खेपेले रद्द करते म्हणते."

सुशिलाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, दारासमोर जाऊन फतकल मारली आणि ओठांवर बोट ठेवलं.

पुढे जे झालं ते कोणी ठरवलं नव्हतं. व्याही आले, त्यांनी फोटो पाहिला, पदर घेऊन ओठांवर बोट ठेवलेल्या सुशिलाबाई पाहिल्या, चपला फाटकाबाहेर काढल्या आणि मुकाट्यानं येऊन बसले. मागोमाग आणखी चार-पाच जण आले, तेही खाली मान घालून बसले. कोणी विचारेना. अशा वेळी विचारत नसतात. शकुंतलाबाईंना हळूहळू सगळा प्रकार उमगला. एका बाईनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला तेव्हा तर पक्काच उमगला. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलं, मग बंद दाराकडे बघितलं आणि तोंड मिटलं. आपण खोटं काही बोललो नाही, असं त्यांनी मनाशी धरलं.

फक्त देवळावरचा भोंगा वाजत होता. सकाळपासून हळू आवाजात गाणी सुरू होती, आणि साडेअकराला मंडळवाले त्यावरून मोठ्यानं पाहुण्यांची नावं पुकारायला सुरुवात करणार होते. खिडकी त्याच बाजूला. पण थोड्या वेळानं गाणं मध्येच तुटलं. गाव एकदम शांत झालं. मग मंडळाचे अध्यक्ष केवळराम गमछा हातात घेऊन फाटकाशी आले. हिरालालजींच्या घरी काहीतरी झालं, ही बातमी देवळापर्यंत पोचली होती.

"कोण गेलं, वयनी?" ते शकुंतलाबाईंच्या जवळ वाकून म्हणाले.

"कोणी नाई, भाऊ. सुनेची परीक्षा हाये. मोबाइलवर."

केवळराम सरळ उभे राहिले. त्यांनी अंगणातल्या माना खाली घालून बसलेल्या माणसांकडे पाहिलं. "आन् मी भोंगा बंद केला? पाहुणे येऊन बसले हायेत स्टेजवर. मी चालू करतो जाऊन."

"कर," शकुंतलाबाई म्हणाल्या. "चावडीवरची गॅसबत्ती नेली होती, तवाही कोणाले इचारलं नव्हतं."

केवळराम तेव्हा दंडारीत बाईचं सोंग घ्यायचे. गॅसबत्ती त्यांनीच डोक्यावरून नेली होती.

"तुले आजून ते याद हाये?"

"माया आडनाव राह्यला ना त्याच्यात."

केवळरामांनी गमछा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "आता चालू केला तं लोक मलेच नावं ठेवतीन. मयतीच्या घरासमोर भोंगा लावला म्हणून." आणि ते व्याह्यांच्या शेजारी जाऊन मान खाली घालून बसले.

एक वाजता कडी निघाली. रीता दारात आली. समोर अंगणभर माणसं खाली बघत बसलेली, खुर्चीवर हार घातलेला फोटो, कोणाचा ते पाठीमागून दिसेना.

"माय, कोण गेलं?"

सुशिलाबाई पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. व्याही गोंधळून एकेकाचं तोंड बघू लागले, तेव्हा केवळरामांनीच त्यांना काय ते सांगितलं. त्यांना राग यायला वेळच मिळाला नाही, कारण शकुंतलाबाई एव्हाना पत्रावळी मांडत होत्या.

"तुये का झालं?" त्यांनी वाढता वाढता सुनेला विचारलं.

"एक खेप लाल पट्टी आली. कोणीतरी बाई रडून राहिली होती." रीता सुशिलाबाईंकडे बघत म्हणाली. "मंग एकदम चूप झालं. इतकं चूप का मलेच भेव वाटला." आणि मग, जणू ते शेवटी सांगायचं असावं तसं म्हणाली, "पास दाखवते, माय. सर्टिफिकेट दोन दिवसांत मेलवर येते."

शकुंतलाबाईंनी मान हलवली आणि तिच्या पत्रावळीवर एक वडा जास्त टाकला.

दोनला भोंगा पुन्हा सुरू झाला. पाहुणे बाजाराकडे गेले. शकुंतलाबाईंनी फोटो आत नेऊन खिळ्याला टांगला, तेव्हा रीता खाटेवर आडवी होती, कानात बोंडूक नाही, हात उशाशी, गाढ झोपलेली. वर्षभरात त्यांनी तिला दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं.

बाहेरून कोणा पाहुणीनं विचारलं, "सून कुठं गेली?"

"झोपली हाये," सुशिलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हळूच दार ओढून घेतलं.