जळाला नाही म्हणणाऱ्यांचं तुणतुणं

मित्रांनो, मी एका तारेचं जुनं तुणतुणं आहे, आणि आता फार थकलो आहे. कुणी तेच तेच रडगाणं लावलं की तुम्ही म्हणता, "झालं याचं तुणतुणं सुरू!" म्हणा बापडे. एका तारेनं आणखी किती बोलायचं?

माझा जन्म तंजावरचा. माझे धनी मानाजी यांनी फणसाचं लाकूड कोरलं, बुडाला कातडं मढवलं, वेळूच्या काठीवर तार ताणली. तिथं होळीला लावणी गाणारे दोन पक्ष समोरासमोर बसत. पक्षाला तिथं कट्ची म्हणतात. शंकरानं मदनाला जाळलं, असं एक कट्ची गाई. तो जळाला नाही, नुसता दिसेनासा झाला, असं दुसरी गाई. मानाजी दुसरीतले. त्यांची चाल ओळीच्या शेवटी वर चढून थांबे, कुणाची तरी वाट पाहिल्यासारखी.

पुढे मानाजी पोटासाठी मद्रासला आले. १९५७ साली कोडंबाक्कमच्या एका स्टुडिओतून बोलावणं आलं, तेही विनोदी प्रसंगासाठी. मी टुणटुण करायचं आणि लोकांनी हसायचं. मला फार वाईट वाटलं.

त्याच सिनेमात एन्नोरच्या एका कोळणीचा प्रसंग होता. नवरा समुद्रावरून परतलेला नाही, तरी ती रोज दोन ताटं वाढते. संगीतकार वसंतराव कोल्हापूरचे. त्यांनी तिथं वीस व्हायोलिनं लावली होती. स्टुडिओत पडद्यावर ते पाहून सगळे हळहळले, "गेला बिचारा!" वसंतरावांनी कपाळाला हात लावला. शेवटी तो नवरा जिवंत परतायचा होता!

"मानाजी, या व्हायोलिनांनी त्याला मारूनच टाकला हो."

"सार, तुमची व्हायोलिनं जळाला म्हणणाऱ्या कट्चीची," मानाजी म्हणाले. "अमची कट्ची जळाला नाही म्हणणारी. वाजवून दाखवू की?"

त्यांनी मला छेडलं. तीच बाई, तीच ताटं. पण आता ती शोक करत नव्हती, वाट पाहत होती. वसंतरावांनी सगळी व्हायोलिनं काढून टाकली. थिएटरात बायका त्या दुसऱ्या ताटाकडे पाहून पुटपुटत, "येईल, येईल." तेवढंच माझं कौतुक.

मग मानाजी वारले. मी स्टुडिओतच राहिलो. इलेक्ट्रिक गिटार आली आणि माझी रवानगी कोठीत झाली. झाडलोट करणाऱ्या एन्नोरच्या कनकानं एकदा सहज मला छेडलं आणि कान देऊन उभी राहिली. पुढे माझी तार गंजून तुटली. कुणी बदलली नाही.

दहा वर्षांनी भोगीच्या पहाटे कोठीवाले नारायणस्वामी जुनं सामान जाळायला निघाले. इथली तशी रीतच आहे. मला त्यांनी फाटक्या चटयांवर टाकलं. खरं सांगतो, भीतीसुद्धा वाटली नाही, इतका मी दमलो होतो. त्यांनी काडी ओढली, तोच कनका झाडू टाकून धावली.

"अय्या, हे नका जाळू! याचाच आवाज ऐकून तो घरी आला होता."

तो म्हणजे सिनेमातला नवरा. नारायणस्वामी हसले, पण मला तिच्या हातात दिलं.

आता मी तिच्या घरी खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं वाद्य असेल, तर त्याला नुसता हार घालू नका. तार चढवा, जाणत्या माणसाकडून त्याची चाल शिकून घ्या. चाल विसरली की उरतं ते सरपण. माझी तार अजून कुणी चढवलेली नाही. पण मानाजींची कट्ची हरलेली नाही, हे मी सांगू शकतो. मी जळालो नाही, नुसता दिसेनासा झालो आहे.