कांद्याचं फूल आणि झाकण

श्यामलाल खाण्याच्या बाबतीत कधी खोटं बोलायचा नाही, आणि ही काही मी त्याची स्तुती करत नाही. माणसानं किती खरं बोलावं, त्याला काही मर्यादा? स्वतःच्याच लग्नाच्या पंगतीत वरणाचा पहिला घास तोंडात घातला न् हा भर मांडवात म्हणाला, "डाळ कच्ची आहे." नवी नवरी वच्छला शरमेनं अर्धी झाली. पण पुढं संसार करता करता तिला एक कळलं, की हा माणूस ज्या दिवशी "झकास" म्हणतो, त्या दिवशी ते झकासच असतं. म्हणून त्याच्या एका "झकास"साठी ती जीव टाकायची.

हायवेवरच्या कोहमारा गावातल्या ढाब्यावर तो कारागीर होता. त्याचं कांद्याचं फूल नावाजलेलं. अख्खा कांदा बुडखा शाबूत ठेवून चिरायचा, पाकळ्या उमलवायच्या, पीठ लावून कढईत सोडायचा. ट्रकवाले जेवणाआधी फूल मागत. मग मागच्या हिवाळ्यात श्यामलालच्या छातीनं दगा दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि बजावलं, तळलेलं बंद, भट्टीची धग बंद. तेव्हापासून तो कुडवा गावातल्या घरात भिंतीकडे तोंड करून बसलेला. दोन घास खाल्ले तर खाल्ले.

इकडे ढाब्याचे मालक सेवकराम यांचे फोनवर फोन. एका सकाळी श्यामलालनं चहाची कपबशी खाली ठेवली. "सोमवारपासून परत ढाब्यावर कामाले जाऊन राहिलो मी."

एकदा भट्टीसमोर उभा राहिला की हा ना डॉक्टरला जुमानणार, ना देवाला, हे वच्छलाला पक्कं ठाऊक. रडून उपयोग नव्हता, भांडून तर मुळीच नव्हता. तेवढ्यात तिची नजर फडताळावर गेली. तिथं मुलानं, गुड्डूनं, पाठवलेला एअर फ्रायर कापड पांघरून बसला होता.

"तुमचं फूल मी या मशीनमंदी करून दाखवतो," ती म्हणाली. "तुमच्यावानी जमलं तर ढाब्याचं नाव काढायचं नाही. नाही जमलं तर खुशाल जा."

कित्येक महिन्यांनी श्यामलाल हसला. "लाव शर्यत!"

आणि वच्छलानं काय करावं? भज्याला भिजवतात तसं सरसरीत पीठ भिजवलं आणि कांदा बुडवून ठेवला की जाळीवर! पीठ गळून तळाला, मशीनच्या आतल्या पंख्याच्या वाऱ्यानं उडून वर. घरभर करपट वास सुटला. श्यामलाल धावत आत आला.

"आ बाप्पा! अवो, इथं पीठ धरून ठेवायले तेल आहे का? सरक तिकडं."

झालं, उस्ताद जागा झाला. चिरलेला कांदा त्यानं थंडगार पाण्यात पाकळ्या उमलेस्तोवर ठेवला, फडक्यानं कोरडा केला. आधी कोरडं पीठ, मग दह्यातलं घट्ट बेसन, आणि वरून कनकीचं, म्हणजे तुकडा तांदळाचं, जाडंभरडं पीठ. वर नुसतं बोट फिरवून तेल. मशीननं फूल लालसर करून दिलं. त्यानं एक पाकळी तोडली, चावली, डोळे मिटले.

"चांगलं आहे. पण माझ्यावानी नाही."

संपलं. वच्छला शब्दाची पक्की. डोळे भरून आले तरी म्हणाली, "मंग जा."

तो मशीनची जाळी उलटीपालटी करत होता. "असं अर्धवट टाकून कसा जाऊ? याले जमवतो, मंगच जाईन."

तेव्हापासून घराला कळा आली. श्यामलाल बाजारात जाऊन कांदे निवडू लागला, कांदेवाल्याशी वाद घालू लागला. पीठ कधी जाड, कधी बारीक. जेवण वाढलं, झोप लागली. आणि फूल? ते दिवसागणिक सुधारत चाललं, मेलं! वच्छलाच्या जिवाला नवा घोर लागला. जमलं की हा निघाला.

मग तिनं एक पाप केलं. फूल निघालं की ताटात घ्यायची आणि त्यावर घटकाभर झाकण ठेवायची. वाफ कोंडली की कुरकुरीतपणा गेलाच. श्यामलाल पाकळी चावून मान हलवायचा, "आज नरम पडलं. उद्या पाहू." ती पदराआड सुटकेचा श्वास सोडायची.

एक दिवस सेवकराम स्वतःच दारात हजर. न्यायलाच आले होते. श्यामलालनं हुकूम सोडला, "फूल कर वो, शेठले चाखू दे."

आता दारी आलेल्या पाहुण्याला मुद्दाम बिघडवलेलं वाढायचं? तिचा हात झाकणाकडे गेला आणि मागे आला. जे व्हायचं ते होवो. तिनं फूल तसंच ताटात नेलं.

सेवकरामांनी पाकळी मोडली, तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. "अरे श्यामलाल भाऊ! हे तर तुझ्या कढईतलंच!"

श्यामलालनं पाकळी घेतली. चावली. दुसरी घेतली. तिसरी. वच्छला दाराशी उभी राहून पाहत होती.

"नाही जी," तो म्हणाला. "अजून कच्चं आहे. हे जमेस्तोवर काही येत नाही मी. तुम्ही दुसरा कारागीर पाहा शेठ."

सेवकराम चहा घेऊन, डोकं खाजवत निघून गेले.

सासऱ्याच्या मांडवातसुद्धा ज्याची जीभ खोट्याकडे वळली नव्हती, तो माणूस आज वच्छलाच्यादेखत धडधडीत खोटं बोलला होता. ती ताट उचलायला वाकली. ताटात फुलाचा बुडखासुद्धा उरला नव्हता.

"अन् ऐक," श्यामलाल हात पुसत म्हणाला, "उद्यापासून त्याच्यावर झाकण ठेवत नको जाऊ. नरम कांदा खाऊन कंटाळलो मी."