पेटीतलं रक्त कुणाचं?

मी एक निळी पेटी बोलतेय. आत बर्फाच्या पिशव्या आणि मधोमध रक्ताच्या नळ्या. निपाणीकडच्या गावांतून ते रक्त थंडगार ठेवून बेळगावच्या प्रयोगशाळेत पोचवायचं, एवढंच माझं काम. पण संकेश्वरजवळ उसाचे ट्रॅक्टर आडवे आले की माझा जीव खालीवर होई. बर्फ वितळला तर सगळं वाया.

मला उचलणारी नर्स नीला. एचआयव्हीवरच्या एका अभ्यासात ती काम करायची. रोजच्या गोळीऐवजी दोन महिन्यांतून एकदा इंजेक्शन पुरतं का, हे तपासायचं होतं. पैसा परदेशातल्या संस्थेचा.

त्या अभ्यासात अक्काताई होती. तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. नवरा याच आजारानं गेलेला. आधी ती गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवायची. सुनेला दिसतील या धास्तीनं कितीदा गोळी चुकायची. इंजेक्शन सुरू झाल्यावर ती नीलाला म्हणाली, "आता लपवायचं कायच न्हाय बघा. झोप लागत्या."

मग पंचायतीची निवडणूक जवळ आली. एका सकाळी गावचे पुढारी मारुतीराव माणसं घेऊन आले. नीलाच्या हातातून त्यांनी मला काढून घेतलं आणि पारावर ठेवलं.

"आमच्या बायकांचं रगात फॉरेनला इकतायसा म्हनं."

"नाही हो, बेळगावला तपासायला जातं. विचारूनच काढलंय," नीला म्हणाली.

"मागं एक टोळी असंच सांगून रगात घेऊन गेलती. रिपोट आला व्हय कुनाचा?"

नीलालाही माहीत होतं, ते खरं होतं.

"कुनाचं रगात हाय, नावं सांगा. मग सोडतो."

"नावं मला सांगता येणार नाहीत."

ऊन चढत होतं. माझ्या पोटात बर्फाचं पाणी व्हायला लागलं होतं. माणसांच्या कुजबुजीतून ही पेटी कुठल्या आजाराची, हे आता गावाला कळून चुकलं होतं. गर्दीतल्या काही बायका खाली मान घालून उभ्या होत्या. त्या कोण, हे मला माहीत होतं.

मारुतीरावांनी झाकणाला हात घातला, तशी अक्काताई पुढे आली.

"अण्णा, त्यातलं एक माझं हाय. मी आपखुशीनं दिलंया. जाऊ द्या पेटी."

"आक्का, काय बोलालीस, कळतंय का तुला?"

"व्हय. कळतंय."

मारुतीरावांनी हात मागे घेतला. त्या दिवशीचं रक्त जेमतेम टिकलं.

दुसऱ्या दिवसापासून वखारीत अक्काताईशेजारी कुणी बसेना. घरात सुनेनं तिचं ताट वेगळं काढलं. तरी इंजेक्शनच्या दिवशी ती न चुकता यायची.

आणि मग दूर परदेशात कुणाचं तरी धोरण बदललं. निधी थांबला, अभ्यास अर्ध्यावर बंद पडला.

अक्काताई एसटीनं बेळगावला आली. नीलानं तिला सरकारी दवाखान्यातून पुन्हा गोळ्या सुरू करून दिल्या. निघताना ती दारात थांबली.

"गोळ्यांचं आता भ्या न्हाय. समद्यांदेखत खायाच्या. पन ताई, पुढं ह्ये इंजेक्शन पास झालं तर आमाला मिळंल का? का त्येंच्याच देशात ऱ्हाईल?"

नीलानं तो प्रश्न अभ्यासाच्या वहीत लिहून घेतला.

मी आता प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत पडून आहे. शेजारच्या फ्रीजरमध्ये त्या बायकांचं रक्त अजून गोठलेलं आहे. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत मला धीर निघत नाही. उद्या कुणी नवा अभ्यास घेऊन येईल, मला पुसून पुन्हा गावात नेईल. जरूर न्या. पण नळी भरण्याआधी अक्काताईला उत्तर द्या.