मंगलाची कॅसेट आणि दाजीचं तिकीट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर. हल्ली अडगळीत असतो आणि माझं झाकण रबराने बांधून ठेवलेलं आहे. पण एके काळी माझा तोरा बघण्यासारखा होता. शिवदासने मला आखातातल्या मनामा शहराच्या बाजारातून आणलं, तेव्हा सलमानिया भागातल्या कामगारांच्या खोलीतली सगळी माणसं जेवण सोडून माझ्याभोवती बसली होती.

शिवदास गुहागरकडचा गवंडी. ईसा टाउनला कामाला जायचा. त्याची बायको मंगला गावी होती. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून दोघांचा संसार कॅसेटवर चालायचा. ती बोलून पाठवायची, हा ऐकायचा आणि त्याच कॅसेटवर उत्तर भरून परत धाडायचा. खोलीतल्या सगळ्यांचीच ही रीत होती. ऐकून झालं की पुन्हा भरायचं.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात मंगलाची कॅसेट आली आणि आठवड्याभरात ती तापाने गेल्याची तार आली. शिवदासला लीव्ह मिळाली नाही. त्या कॅसेटवर मात्र त्याने काही भरलं नाही. शुक्रवारी सुट्टी असली की तो ती लावायचा. मंगला म्हणायची, "जेवलात काय? उन्हात डोक्याला कायतरी बांधा हो." आणि हा मान हलवायचा. माझ्या पोटातून किती आवाज येऊन गेले, पण इतका लाडका दुसरा नव्हता.

पुढच्या वर्षी महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक लागली. शिवदासचा थोरला भाऊ दाजी पक्षाचं तिकीट मागत होता. समोर तोडीस तोड माणूस होता, म्हणून तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी मतं टाकून निवडायचं असं ठरलं. दाजीचा निरोप आला, 'आखातातल्या माणसांतर्फे दोन शब्द भरून पाठव. इथल्या चुली तुमच्यावर पेटतात, तुमचा शब्द मानतील.' शेजारच्या खोलीतला नजीब त्याच दुपारच्या विमानाने गावी निघाला होता. एकच धावपळ उडाली.

"यल्ला, बोल लवकर!" मुनाफ म्हणाला. मुनाफ शिवदासचा गाववाला, जिवाला जीव देणारा. शिवदास खिडकीकडे तोंड करून भाषण घोकत होता, तेवढ्यात मुनाफने उशाखालची कॅसेट माझ्यात घातली. ती ऐकून झालेली आहे, एवढंच त्याला ठाऊक होतं. मला सगळं कळत होतं, मित्रांनो. पण आम्हाला स्वतःची जीभ नसते.

संध्याकाळी शिवदासने उशाखाली हात घातला.

"मुनाफभाई, हितली कॅसेट कुठं गेली?"

"तीच तर भरली ना रे. गेली नजीबबरोबर."

मग ती मंगलाची होती हे मुनाफच्या ध्यानात आलं. स्वयंपाकाची पाळी शिवदासची होती. तो कांदा चिरायला गेला.

निवडणूक होऊन गेल्यावर नजीब परत आला.

"दाजी आमदार झाला!" तो दारातूनच ओरडला. "आणि तिकीट कुणामुळं मिळालं ठाव हाय? तुझं भाषण संपलं, मशीन बंद करायचं राहिलं, आणि वैनी बोलल्या! जेवलात काय म्हणाल्या. अख्खी सभा रडली रे. चार मतांनी तिकीट दाजीला मिळालं."

"म्हंजे ती हाय अजून?" शिवदासने विचारलं.

नजीबने कॅसेट आणली होती. शिवदासने हात धुतले, पुसले आणि ती माझ्यात घातली. भाषण लहानसंच होतं. ते संपलं तसा तो पुढे झुकला.

"ताई, माई, अक्का, विचार करा पक्का!"

घोषणा, ढोल, पुन्हा घोषणा. प्रचाराच्या गाडीसाठी कार्यकर्त्यांनी उरलेली कॅसेट भरून टाकली होती. त्यांचीही ती ऐकून झालेलीच होती. शिवदासने दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या.

"मफी," तो म्हणाला. "कायसुदिक नाय, मुनाफभाई. खलास."

मित्रांनो, कॅसेटच्या पाठीला दोन इवलेसे चौकोनी तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. आपलं माणूस बोललं असेल, तर ते वेळीच मोडा. शिवदासलाही हे माहीत होतं. पण मोडायचं म्हणजे मंगलाला आता उत्तर जायचं नाही, हे कबूल करायचं. तेवढं त्याच्याने झालं नाही.