डोक्यात काही नाही

छापखान्यातल्या मुद्रितशोधकांना सगळे मागून ‘ऱ्हस्वदीर्घ’ म्हणत. लोकांच्या चुका काढण्यावर ज्यांनी संसार चालवला, ते आज एमआरआय मशीनच्या बोगद्यात आडवे पडून एकच प्रार्थना करत होते, की माझ्या मेंदूत एखादी तरी चूक सापडू दे. मोठी नको. अनुस्वाराएवढी चालेल.

कित्येक महिने त्यांना सकाळी अंथरुणातून उठवत नव्हतं. जेवणाला चव नव्हती. मनोविकारतज्ज्ञ बाई याला आजार म्हणत, ऱ्हस्वदीर्घ निव्वळ आळस म्हणत. फोटोत काही निघालं तर आपण आजारी, नाहीतर कामचोर. आणि कामचोराला गोळ्या कशाला, असा त्यांचा हिशेब होता. मशीन डोक्याशी ठकठक करत होतं. तेही आपल्याला ‘उठा आता’ म्हणतंय, असं त्यांना वाटून गेलं.

नंतर आपल्या खोलीत बाईंनी पडद्यावर एकेक चित्र सरकवलं.

“गाठ नाही, सूज नाही. काहीही नाही.”

आयुष्यभर दुसऱ्यांना ‘डोक्यात काही आहे की नाही?’ विचारलं, आता आपलं उत्तर सही-शिक्क्यानिशी मिळालं. ते हसायला गेले, पण जमलं नाही. चांगला रिपोर्ट ऐकून तोंड पाडणारा पेशंट बाईंनीही पहिल्यांदाच पाहिला असावा.

“म्हणजे मी नाटक करतोय,” ते म्हणाले.

“नाही हो. दुसरं काही नाही ना, एवढंच बघायला हा फोटो काढला. उदासीचा आजार फोटोत दिसावा म्हणून संशोधन चाललंय, पण अजून तो तसा ओळखता येत नाही. गोळ्या आजच सुरू करू.”

“पुराव्याशिवाय?”

शेजारच्या खुर्चीत बसलेली बायको म्हणाली, “डॉक्टर, यांच्यातली खोट काढायला मला कधी मशीन लागलं नाही.” मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो, कधीपासून मी फ्रिजवरच्या चिठ्ठीत ‘दूध’मधला दू मुद्दाम पहिला काढतेय. तुम्ही चिठ्ठी वाचता, दूध तापवता, आणि परत जाऊन पडता. एकदा तरी ओरडाल म्हणून मी दाराआड उभी राहते. दुसरी असती तर म्हणाली असती, नवरा सुधारला. मला रडू येतं.”

ऱ्हस्वदीर्घांना हुंदका आवरेना. बाईंनी पाणी पुढे केलं. ते प्यायले, चष्मा पुसला, आणि खाली बघतच विचारलं, “जेवणाआधी घ्यायची, की नंतर?”