कोरड्या कालव्यातली सहल

सहलीचा दिवस मी ठरवला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतरी किनुयो ते फुकुओकाभर सांगत सुटली आहेच.

"फेब्रुवारीत यानागावाला जाऊ," मी माझ्या दोघी मैत्रिणींना म्हटलं होतं. "थंडीत नावेत शेगडी ठेवतात, वर जाड रजई. पाय उबेत ठेवून कालव्यातून फिरायचं आणि मग वाफवलेली वाम खायची. नोबुएला वाम किती आवडते!" किनुयो लगेच तयार. खायला मिळणार असेल तर ती कुठंही येते. नोबुए म्हणाली, "छान." ती सगळ्यालाच छान म्हणते.

आणि खरी भानगड तीच होती. तिचा मुलगा शुन्सुके तोक्योला असतो. आईनं केस कापायचं दुकान बंद करून आपल्याकडे राहायला यावं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. पोरगा वाईट नाही, पण आईला विचारत नाही, सांगतो. नोबुएला जायचं नव्हतं. हे तिनं माझ्यापाशी रडून सांगितलं, किनुयोपाशी रडून सांगितलं, केस कापता कापता गिऱ्हाइकांनाही सांगितलं. फक्त मुलाला नाही. सहलीच्याच दिवशी दुपारी त्याचा फोन यायचा होता. ही एकदा 'बरं' म्हणाली, की तो दुकानाची भाड्याची जागा सोडतोय असं मालकाला कळवून मोकळा होणार.

जन्मभर शाळेत व्यायाम शिकवलाय मी. मला गप्प बसवतंय होय! गाडीतच सराव सुरू केला.

"म्हण, नाही."

"नाही."

"मोठ्यानं!"

"नाही... म्हणजे, बघू या."

"बघू या काय, डोंबल!"

किनुयो संत्रं सोलत होती. "तोशिको, हिला नावेत बसव आणि मग म्हणायला लाव. उतरून पळायची सोय नाही."

नोबुए हसली. यानागावा तिचं माहेर. "नाव म्हटलं की मला माझं लग्न आठवतं," ती म्हणाली. "नवरी म्हणून नावेत बसवलं होतं मला. डोक्यावर नवरीची शिंगं, म्हणजे तिचा राग नि हट्ट, झाकायची ती पांढरी पट्टी. वाटेत एक ठेंगणा पूल आला. नावाडी ओरडला, 'डोकं खाली!' मी अशी वाकले, की सासूबाई खूश. म्हणाल्या, 'सून वाकायला शिकूनच आलीय.'"

आम्हीही हसलो. पण ही बाई फोनवर बोलतानासुद्धा कमरेत वाकते, हे मला तेव्हाच आठवलं.

घाटावर पोचलो आणि बघते तर काय! कालव्यात पाणीच नव्हतं! खाली नुसता काळा गाळ. नावा काठाला आडव्या पडलेल्या आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून अख्खी आळी फावड्यानं गाळ उपसतेय.

"ताई, दरवर्षी या दिवसांत आम्ही पाणी सोडून देतो," खालून एक नावाडी म्हणाला. "कालवा साफ करायला. इकडच्या नावा बंद आहेत."

"दरवर्षी?" किनुयो हळूच वळली. "नोबुए, तू तर इथलीच ना गं?"

नोबुएनं मान खाली घातली. "माहीत होतं मला."

"मग बोलली का नाहीस, बये?" मी ओरडलेच.

"तू इतक्या हौसेनं ठरवलं होतंस..."

कपाळ माझं! रागानं माझे कान तापले. किनुयो मात्र पोट धरून काठावर बसली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला हसू येईना. पाणी नाही एवढं जिला मला सांगता आलं नाही, ती मुलाला काय सांगणार? गेली ही तोक्योला, असंच मनात आलं.

"बूट आहेत जादा," नावाडी म्हणाला. "नुसत्या उभ्या राहण्यापेक्षा हात लावा."

रिकामं उभं राहणं मला जमत नाही. उतरलो. किनुयोचा एक बूट गाळानं गिळला, तो ओढायला गेले तर मीच बसले चिखलात. मग मात्र मलाही हसू फुटलं. उथळ डबक्यात अडकलेले मासे पकडून टबात टाकत, एकमेकींना शिव्या देत आम्ही बऱ्याच पुढे गेलो.

नोबुए एकदम थांबली. "हाच तो पूल."

इतक्या वेळा नावेतून त्याच्याखालून गेलोय, की मी आणि किनुयो सवयीनं वाकलोच. नोबुए वाकली नाही. ती सरळ पुलाखाली जाऊन उभी राहिली आणि हात वर करून दगड चाचपला.

"अगं, डोकं लागतच नाही!" ती म्हणाली. "वर जागा उरलीय."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शुन्सुकेच. तिनं चिखलाचा हात कोटाला पुसला.

"हो, बोल... हो... ऐकलं." तिचा आवाज बारीक झाला. मग तिनं पुन्हा वर पाहिलं. "नाही रे. मी येणार नाही. सुट्टीत येईन, राहायला नाही. दुकान चालू राहणार." पलीकडून तो बराच वेळ बोलत होता. "रागावू नकोस. पण नाही." हे सगळं ती ताठ उभं राहून बोलली, एकदाही वाकली नाही.

मी तिला मिठी मारली. मला रडू आलं, लपवायचं कशाला? किनुयोही नाक ओढत होती.

"चला!" मी डोळे पुसले. "आता मस्तपैकी वाम खायची!"

"नाही," नोबुए म्हणाली.

"नाही काय?"

"मला वाम आवडत नाही, तोशिको. कधीच आवडली नाही."

"अगं, इतकी वर्षं खातेस की!"

"तू मागवायचीस ना."

किनुयो पुन्हा पोट धरून खाली बसली, या वेळी थेट गाळातच. मला राग आला, अगदी खरा आला. शिकवलं मी, आणि फटका मलाच! पण तिचं ते चिखलानं माखलेलं, घाबरलेलं आणि तरी हसणारं तोंड बघून तो राग टिकेना.

"मग काय खाणार बाईसाहेब?" मी विचारलं.

"नूडल्स. स्टेशनापाशी एक जुनं दुकान आहे." आणि ती पुढे चालायला लागली. आम्ही दोघी तिच्यामागून निघालो.