फुटपाथवरचा शर्ट

धाकट्याने स्टुलावर चढून दुकानावरच्या जाहिरातीच्या दिव्याची मान जरा खाली वाकवली, तसा फुटपाथवर पांढरा शर्ट उमटला. कॉलर, खिसा, खाली दुकानाचं नाव, सगळं उजेडाचं. एक गृहस्थ तर डबकं चुकवावं तसा त्याला वळसा घालून गेला. धाकटा खूश झाला.

पहिल्या दिवशी हाच शर्ट इतका फिका पडला होता, की दिवा बसवणारा वायरमन तोंडावर हसला होता. दोष शेजारच्या दारावरच्या मोठ्या बल्बचा होता आणि शेजारचं दार थोरल्या भावाचं. वडिलांच्या दुकानात मधोमध प्लायवूड ठोकून दोघांनी वाटण्या केल्या होत्या. थोरल्याकडे शिलाई, धाकट्याकडे रेडिमेड. थोरला दाराशी मशीन मांडून त्या बल्बखाली शिवत बसे.

"दादाचा बल्ब आहे तोवर माझी जाहिरात पाण्यात," धाकटा वायरमनला म्हणाला होता, आणि तेही आवाज चढवून. पलीकडे ऐकू जातं हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या संध्याकाळपासून बल्ब लागलाच नाही. दादा रुसला, धाकट्याने ताडलं. रुसू दे.

तो स्टुलावरून उतरतोय तोच हातात पँट घेऊन एक गिऱ्हाईक आलं.

"शेजारच्यांनी दुकान बंद केलं का हो? अंधार दिसतोय. ही उसवलीय, शिवून हवी होती."

प्लायवूडपलीकडे मशीन चालल्याचा आवाज येत होता. धाकट्याने पंखा मोठा केला.

"त्यांचं आता काही खरं नाही," तो म्हणाला. "तुम्ही नवीच बघा ना."

या आठवड्यात हे वाक्य त्याच्या तोंडात चांगलं बसलं होतं.

गिऱ्हाइकाने नवी पँट घेतली, पण ती चार बोटं लांब निघाली. रेडिमेडची उंची दादाच कमी करून देई. वाटण्या झाल्या तरी तेवढं एक काम वाटायचं राहून गेलं होतं. गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगून धाकटा पँट घेऊन शेजारी गेला.

मशीन दाराशी नव्हतं. पार आतल्या कोपऱ्यात थोरला काळं कापड नाकाला लावून बसला होता.

"अंधारात काय बसलायस?"

"अंधार कुठंय? हा आहे की." थोरल्याने मशीनच्या चिमुकल्या दिव्याकडे बोट दाखवलं. "बाहेरचा लावला की तुझा शर्ट दिसत नाही. आता कसा ठसठशीत दिसतो! बाबा असायला हवे होते रे बघायला."

धाकट्याने पँट पुढे केली. थोरल्याने पँट मांडीवर घेतली आणि सुईत दोरा ओवू लागला. दोरा बाजूने गेला. पुन्हा बाजूनेच गेला. शेवटी धाकट्याने सुई काढून घेतली आणि ओवून दिली.

"गिऱ्हाईक जरा कमी झालंय," थोरला मान वर न करता म्हणाला. "काळोख बघून परत फिरत असतील. पण तुला विचारतात ना? सांगतोस ना, मी आत बसलोय म्हणून?"

धाकट्याने दोऱ्याचं रीळ उगाच गुंडाळायला घेतलं.

"सांगतो की."

"मग झालं तर."

बाहेर येऊन धाकटा पुन्हा स्टुलावर चढला. दिव्याची मान तापली होती. हाताला चटके बसत होते तरी त्याने ती सोडली नाही. शर्ट फुटपाथवरून सरकत सरकत शेजारच्या दारासमोर जाऊन थांबला.

आतलं मशीन थांबलं. थोरला बाहेर आला, उजेडावर पाय पडणार नाही अशा बेताने कडेकडेने धाकट्यापर्यंत पोचला.

"अरे, दिवा सैल झालाय बघ तुझा. शर्ट माझ्या दारात आलाय," तो म्हणाला. "कर नीट. पडशील, थांब, मी धरतो."

त्याने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. धाकट्याला खाली उतरवेना.